गांवची पाणंद आणि सरकारचें अनुदान

मार्गशीर्षांतील अमावास्येला लातूर जिल्ह्यांत व त्याला लागून असलेल्या मुलखांत वेळा अमावस्येचा सण होतो. त्या दिवशीं बाजारपेठा ओस पडतात. नोकरीधंद्यासाठीं शहरांत राहणारीं कुटुंबेंहि मुलांबाळांना घेऊन शेतावर जातात. कडब्याच्या कोपींत पूजा होते. आणि भज्जी, अंबील व उंडे यांचें जेवण झाडाच्या सावलींत बसून होतें. जातांना वाट कोरडी असते. दोन्ही अंगांना ज्वारी व हरभरा उभा असतो, मोटार थेट बांधापर्यंत जाते, आणि सायंकाळीं पाहुणे परततात ते शेताच्या वाटेची एक प्रसन्न आठवण बरोबर घेऊन.

त्याच वाटेचें श्रावण-भाद्रपदांतील रूप शहरवासीयांच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. तें पाहावयाचें असल्यास नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील मुखेड तालुक्यांत जावें. रेल्वेचें जंक्शन आहे तें मुदखेड. मुखेडला आगगाडी जात नाहीं. बालाघाटाच्या उतरत्या टेकड्यांवर पसरलेला हा तालुका एकीकडे कंधार व देगलूर यांना, तर दुसरीकडे लातूर जिल्ह्यांतील अहमदपूर, जळकोट व उदगीर यांना भिडलेला आहे. माळावर मुरूम आणि सखल भागांत काळी जमीन, अशी येथील भूमीची ठेवण आहे. ह्या काळ्या मातींतील सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकुंचन पावतात. म्हणून उन्हाळ्यांत जिला हातहात भेगा पडतात तीच जमीन पावसाळ्यांत गाडीचें चाक आंसापर्यंत गिळते.

येथील पिकांचें वेळापत्रक ह्या मातीशीं जुळणारें नाहीं. मूग व उडीद हातीं येतात ते भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे पाऊस अंगावर असतांना. सोयाबीन दसऱ्याच्या आगेंमागें निघतें, आणि तेव्हांहि परतीच्या पावसाची टांगती तलवार असतेच. वाट नसेल तर मळणीयंत्र शेतांत येत नाहीं, ट्रॅक्टर अर्ध्या वाटेवर रुततो, आणि पोतीं माणसांच्या डोक्यावरून पक्क्या सडकेपर्यंत वाहून न्यावीं लागतात. दोन दिवसांचा उशीर झाला कीं शेंगांना मोड येतात आणि बाजारांत त्या मालाची प्रत उतरते. शेतांतील आखाड्यावर कायम वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांची अडचण याहून कठीण. मुलांची शाळा चिखलानें बुडते. आजारी माणसाला किंवा अवघडलेल्या स्त्रीला बाजेवर घालून चौघांनीं उचलून आणावें लागतें. आणि गांवांत कोणी वारलें तर अखेरच्या यात्रेलाहि गुडघाभर चिखलांतून जावें लागतें. कारण स्मशानाकडे जाणारी वाट तीच असते.

ह्या वाटेला पाणंद म्हणतात. शहरांत हा शब्द फारसा ऐकूं येत नाहीं; पण शेतकऱ्याच्या जीवनांत तो घर आणि रान यांना जोडणारा धागा आहे. दोन शेतांच्या बांधांमधून गेलेली, गाडीबैल जाईल एवढी रुंद, गांवच्या सर्वांची अशी वाट म्हणजे पाणंद. दोन गांवांच्या हद्दीवरून जाते तिला शीवरस्ता म्हणतात. तो दोन्ही गांवांचा असल्यामुळें बहुधा कोणीच दुरुस्त करीत नाहीं. ह्या वाटा लहरीप्रमाणें पडलेल्या नाहींत. जमीनमोजणीच्या वेळीं तयार झालेल्या गांवनकाशावर त्यांची खूण आहे. तुटक दुबार रेषा म्हणजे गाडीमार्ग, तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट, असें माप सरकारी निर्णयांत दिलेलें आहे. हीं मापें अशीं अपूर्णांकांचीं कां, ह्याचें उत्तर मोजणीच्या साखळींत सांपडतें. ती साखळी तेहतीस फुटांची. तिच्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा. साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ फूट म्हणजे पाव साखळी.

आतां याच मापांनीं थोडा हिशेब करून पाहावा. साडेसोळा फूट रुंदीची एक किलोमीटर पाणंद म्हणजे सुमारें पन्नास गुंठे, अर्थात् सव्वा एकर जमीन. एकवीस फुटांची असेल तर ती दीड एकराच्या वर जाते. एखाद्या गांवच्या शिवारांत अशी आठदहा किलोमीटरांची वाट असेल तर गांवाच्या मालकीची दहापंधरा एकर जमीन केवळ वाटेच्या रूपानें पडून असते. ती कोणी एकदम बळकावीत नाहीं. नांगर फिरवतांना बांध वीतभर पुढें सरकतो. समोरचाहि तेंच करतो. दोन्ही बाजूंनीं दर वर्षीं वीतवीत सरकत गेलें तर साडेसोळा फुटांची वाट अकरा वर्षांत नाहींशी होते. अकराव्या वर्षीं कोणत्याहि एका माणसानें ती गिळली असें म्हणतां येत नाहीं. पण नकाशावर दुबार रेषा राहते आणि जमिनीवर एक पाऊलवाट.

ह्या संकोचाला केवळ लोभ कारण आहे असें मानणें अन्यायाचें होईल. पूर्वी एका सर्व्हे नंबरांत एका कुटुंबाची वहिवाट असे. पुढें भावांच्या वांटण्या झाल्या. आठ एकरांचे चार पट्टे पडले आणि मागच्या पट्ट्याला वाटच उरली नाहीं. ज्याच्याजवळ एकच एकर राहिला त्याला बांधाकडील दोन हातांची किंमत फार वाटते, आणि तसें वाटणें स्वाभाविक आहे. शिवाय बैलगाडी अडचणींतून निघून जात असे. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांना तेवढ्यानें भागत नाहीं. म्हणजे वाट अरुंद होत गेली आणि तिची गरज मात्र रुंद होत गेली.

कायद्याच्या दृष्टीनें येथें दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळें पुष्कळ तंटे वाढतात. नकाशावर दाखविलेला गाडीमार्ग हा सार्वजनिक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा; तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलांत आला. त्याच्या विसाव्या कलमान्वयें, ज्या सार्वजनिक रस्त्यांवर व वाटांवर दुसऱ्या कोणाचा हक्क शाबीत नाहीं ते राज्यशासनाच्या मालकीचे ठरतात. अशा रस्त्यावरील अतिक्रमण हा दोन शेजाऱ्यांचा खासगी वाद नव्हे. ती सार्वजनिक जमिनीची हानि होय. दुसरा प्रकार नकाशावर नसलेल्या वाटेचा. वांटणीनें मागें पडलेल्या शेतकऱ्याला आपल्या शेतांत जाण्यासाठीं दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असते. तिच्यासाठीं त्याच अधिनियमांत १४३ वें कलम आहे. तहसीलदारानें चौकशी करावी, शेतकऱ्याची खरी गरज पाहावी आणि बांधावरून वाट ठरवून द्यावी, असा त्याचा आशय. निर्णय न पटल्यास एक वर्षाच्या आंत दिवाणी दावा करतां येतो. वहिवाटीची वाट कोणी नव्यानें अडविली असेल तर १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचा आधार मिळतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दाद मागावी लागते. पुष्कळ शेतकरी वर्षभर शेजाऱ्याची मनधरणी करतात आणि मग कचेरींत जातात. तोंपर्यंत मुदत टळून गेलेली असते.

पाणंद केवळ खासगी शेतांकडे जाते असेंहि नव्हे. १९६६ च्या अधिनियमांतील बाविसाव्या कलमानें जिल्हाधिकाऱ्याला सरकारी जमीन गुरांच्या मोफत चराईसाठीं, स्मशानासाठीं किंवा दफनभूमीसाठीं, खळ्यासाठीं, बाजारासाठीं आणि अशाच इतर सार्वजनिक कामांसाठीं राखून ठेवतां येते. प्रत्येक गांवाच्या कडेला गायरान असतें, कोठें तळें असतें, कोठें लिंगायत समाजाची, कोठें मुसलमानांची दफनभूमि असते. ह्या जमिनी सर्वांच्या खऱ्या. परंतु तेथवर पोंचतां आलें तरच त्या सर्वांच्या राहतात. ज्याच्या स्वतःच्या नांवावर गुंठाभरहि जमीन नाहीं आणि चार शेळ्यांवर ज्याचा संसार चालतो, त्या माणसाचें सारें शेत म्हणजे तें गायरान. वाट बुजली कीं त्याचें गायरान बुजलें. आणि जेथें सर्वांची येजा बंद पडते तेथें शेजारच्या शेताचा नांगर निर्धास्तपणें शिरतो. गांवांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें दूर करावींत असा आदेश २०११ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांना दिला, आणि महाराष्ट्र शासनानें त्याच वर्षीं जुलैमध्यें त्याला अनुसरून निर्णय काढला. तथापि ज्या जमिनीकडे कोणी जात नाहीं तिच्यावरील अतिक्रमणाची वर्दी तरी कोण देणार?

रस्त्यांसाठीं सरकारी पैसा कसा मिळूं लागला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. देशांतील रस्त्यांना मध्यवर्ती सरकारनें नेमानें द्रव्य पुरवावें ही कल्पना रूढ होण्यांत एका महाराष्ट्रीय विधिज्ञाचा मोठा वांटा आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं एक समिति नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ सालीं मध्यवर्ती रस्ते-निधि उभा राहिला. १९४३ सालीं नागपूर येथें भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेनें राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हारस्ते आणि खेड्यांचे रस्ते अशी प्रतवारी ठरविली. ह्या उतरंडींत सर्वांत खालचें मडकें म्हणजे खेड्याचा रस्ता. पाणंद त्याच्याहि खालीं, म्हणजे उतरंडीच्या बाहेरच राहिली.

त्या वेळीं मुखेड हैदराबाद संस्थानांत होतें. तेथें १३१७ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०७ च्या सुमाराचा, जमीन महसूल कायदा चालत असे आणि दप्तर उर्दूंत लिहिलें जाई. सरकारी पडीक जमिनीला त्या काळापासूनचा ‘परमपोक’ हा शब्द मराठवाड्यांतील जुन्या कागदांत अजूनहि भेटतो. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत सामील झालें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. कायदे बदलले, लिपि बदलली. वाटा मात्र जुन्या कागदांच्या आधारावर राहिल्या, आणि आजहि एखादी पाणंद सिद्ध करावयाची तर त्याच कागदांपाशीं जावें लागतें.

१९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील असंख्य माणसांनीं खडी फोडून व माती उचलून दिवस काढले. पुढें वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ सालीं कायद्याचें रूप मिळालें आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. मजुराला काम आणि गांवाला रस्ता, असा दुहेरी लाभ त्या योजनेंत होता. नंतर २५ डिसेंबर २००० रोजीं प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाटीवरील पांचशें व त्याहून अधिक लोकवस्तीचीं गांवें बारमाही रस्त्यानें जोडणें हा तिचा मूळ हेतु. तिच्यामुळें गांवाच्या वेशीपर्यंत डांबर आलें. परंतु ती योजना वस्ती जोडणारी होती, शिवार जोडणारी नव्हती. वेशीपासून बांधापर्यंतचें अंतर तसेंच राहिलें.

तें अंतर भरून काढण्यासाठीं राज्यसरकारनें २७ फेब्रुवारी २०१८ रोजीं पालकमंत्री शेत-पाणंद रस्ते योजनेचा निर्णय काढला. हें अनुदान एका थैलींतून येत नसे. वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीस मिळणारा पैसा, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधि, गौण खनिजाच्या स्वामित्वधनाचें उत्पन्न अशा अनेक झऱ्यांचें पाणी एका पाटांत आणावें, ही तिची रीति होती. नंतर ११ नोव्हेंबर २०२१ रोजीं मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजना आली. तिच्यांत केंद्राची २००५ च्या कायद्यानें सुरू झालेली रोजगार हमी आणि राज्याची स्वतःची रोजगार हमी यांची सांगड घातलेली होती. ही सांगड कां लागली, हें समजून घेण्यासारखें आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणें एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम सामग्रीवर खर्च करतां येत नसे. निदान साठ टक्के मजुरींत जावी लागे. हेतु स्पष्टच होता: पैसा मजुराच्या हातांत पडावा. परंतु काळ्या जमिनींत रस्ता टिकावयाचा तर मुरूम, खडी, नळ्या आणि रोलर यांचा खर्चच मोठा. ही तूट राज्याच्या निधीनें भरून काढावी, अशी ती योजना होती.

स्मशानभूमीसाठीं वेगळी सोय आहे. ग्रामपंचायतींना जनसुविधांसाठीं जें विशेष अनुदान मिळतें त्यांत दहनाचा चबुतरा, निवारा, कुंपण यांबरोबरच तेथवर पोंचण्याच्या रस्त्याचाहि समावेश होतो. वाट जर वनांतून जात असेल, जशी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला किनवट-माहूरच्या रानांत जाते, तर २००६ सालचा वनहक्क कायदा पाहावा लागतो. ग्रामसभेनें शिफारस केल्यास एक हेक्टरापेक्षां कमी वनजमीन रस्त्यासारख्या सार्वजनिक कामाला देतां येते. मात्र हेक्टरीं पंचाहत्तरांहून अधिक झाडें तोडतां येत नाहींत.

इतर देशांनींहि हा प्रश्न आपापल्या परीनें सोडविला आहे. अमेरिकेंत संघसरकारच्या मालकीच्या वनांकडे व उद्यानांकडे नेणारे पुष्कळ रस्ते स्थानिक संस्थांच्या ताब्यांत असतात. त्यांच्या सुधारणेसाठीं २०१२ च्या कायद्यानें स्वतंत्र निधि काढण्यांत आला. इंग्लंड व वेल्समध्यें १९४९ सालच्या कायद्यानें निराळी दिशा घेतली. प्रत्येक काउंटी कौन्सिलनें आपल्या भागांतील सार्वजनिक वाटांचा निर्णायक नकाशा तयार करावा, आणि त्या नकाशावर वाट आली कीं ती अस्तित्वांत आहे याला तोच पुरावा मानावा, असें ठरलें. एका देशानें पैशाचा विचार केला, दुसऱ्यानें पुराव्याचा. मुखेडसारख्या ठिकाणीं दोन्हींची गरज आहे, आणि त्यांचा क्रमहि महत्त्वाचा आहे.

पैसा कशावर खर्च होतो हें पाहिलें म्हणजे हा क्रम ध्यानांत येतो. काळ्या मातीवर नुसती मुरमाची पखरण केली तर पहिल्याच पावसांत ती खालच्या चिखलांत बुडते. प्रथम वरचा मऊ थर काढावा लागतो, दोन्ही अंगांना चर खणून त्यांची माती मध्यें घ्यावी लागते आणि ती दाबून रस्त्याला मधोमध किंचित् उंचवटा द्यावा लागतो, म्हणजे पाणी दोन्हीकडे निथळतें. त्यावर मुरूम किंवा खडी पाणी मारून, रोलर फिरवून बसवावी लागते. चार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावर एक फूट जाडीचा थर द्यावयाचा म्हटला तर दाबलेला मुरूमच सुमारें सव्वाचारशें ब्रास लागतो. सैल मोजला तर याहून अधिक. नाला आडवा येईल तेथें नळ्यांची मोरी हवी. मोरी न घालतां भराव केला तर रस्ताच बंधारा बनतो आणि वरच्या शेतकऱ्याचें पीक पाण्यांत उभें राहतें. तो मग एके रात्रीं रस्ता फोडतो, आणि त्याचा फारसा दोष नसतो. २०२५ च्या ऑगस्टमध्यें अतिवृष्टीनें लेंडी प्रकल्पाच्या परिसरांतील रावणगांव, हसनाळ आदि गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं आणि बचावासाठीं सैन्याचीहि मदत घ्यावी लागली. तो प्रसंग पाणंदीमुळें उद्भवला नव्हता. परंतु ह्या तालुक्यांत पाण्याची वाट आणि माणसाची वाट यांचा विचार एकदमच केला पाहिजे, ही शिकवण त्यांतून मिळते.

परंतु चरासाठीं, भरावासाठीं आणि चार मीटरांच्या थरासाठीं आधीं जागा मोकळी हवी. येथेंच अनुदानाचा पाय अडतो. अशा योजनांचा पैसा रस्ता बांधण्यासाठीं असतो. वाटेची जमीन विकत घेण्यासाठीं नसतो. ग्रामपंचायत ठराव करते, काम यादींत बसतें, अंदाजपत्रक होतें, मंजुरी मिळते. आणि यंत्र जाग्यावर आल्यावर कळतें कीं तिसऱ्या शेतापाशीं वाट सहा फुटांचीच आहे. एक शेतकरी म्हणतो, “मोजणी करा.” दुसरा म्हणतो, “समोरच्याच्या बाजूनें घ्या.” तोंवर वर्षाअखेर येते आणि पैसा दुसऱ्या गांवाच्या कामाला जातो. किंवा याहून वाईट म्हणजे, वाद नसलेल्या दोन तुकड्यांवर मुरूम पडतो आणि मधला तुकडा तसाच राहतो. अशा तुटक्या रस्त्याचा उपयोग मधल्या तुकड्याएवढाच होतो.

म्हणून अर्जाच्या आधीं नकाशा पाहिजे. भूमि-अभिलेख खात्याकडून गांवनकाशाची प्रत मिळते. ती घेऊन, तलाठ्याला (त्याच्या पदाचें नांव आतां ग्राम महसूल अधिकारी असें झालें आहे) बरोबर नेऊन, सरपंचानें व बांधावरच्या सर्व शेतकऱ्यांनीं वाट एकदां पायीं चालून पाहावी. ही शिवारफेरी चैत्र-वैशाखांत व्हावी, कारण तेव्हां रान मोकळें असतें. पेरणी झाल्यावर उभ्या पिकांतून साखळी ओढूं द्यायला कोणीहि राजी नसतो. वाट कोठें किती सरकली हें सर्वांच्या देखत ठरलें कीं, दोन्ही बाजूंनीं समान मागें सरण्याची तोड निघूं शकते. ज्याचें खरोखरच फार नुकसान होतें अशा लहान शेतकऱ्याचा प्रश्न गांवानें वेगळा काढून सोडवावा: कोठें चर त्याच्या बाजूला न घेतां समोर घ्यावा, कोठें त्याच्या शेताला उतार बांधून द्यावा. हें काम तहसीलदाराच्या नोटिशीनेंहि होतें. पण नोटिशीनें मोकळी झालेली वाट पुढच्या नांगरटीला पुन्हां आवळते आणि समजुतीनें मोकळी झालेली टिकते. “गांव करी तें राव न करी” ही म्हण येथें अर्धीच लागू पडते. सव्वाचारशें ब्रास मुरूम गांवाला परवडत नाहीं. तो रावानेंच द्यावयाचा आहे. मात्र साडेसोळा फूट जागा राव देऊं शकत नाहीं. ती गांवालाच द्यावी लागते.

शेवटची पायरी नोंदीची. समजुतीनें मिळालेली वाट कागदावर आली नाहीं तर पुढची पिढी, किंवा जमीन विकत घेणारा नवा मालक, ती मानीत नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत राज्यसरकारनें निर्णय काढला, त्यांत शेतरस्ता शक्य तेथें तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या सदरांत व्हावी, असें सांगितलें आहे. ही नोंद म्हणजे इंग्लंडांतील निर्णायक नकाशाचें काम करणारी गोष्ट होय. तिला खर्च फार नाहीं. पण तिच्यावांचून लाखों रुपयांचा मुरूम दुसऱ्याच्या शेतांत टाकल्यासारखा होतो.

ह्या सर्व व्यवहारांत एक पक्ष असा आहे कीं जो शिवारफेरीला सहसा हजर नसतो. तो म्हणजे शहरांत राहणारा जमीनमालक. मुखेडच्या शिवारांतील पुष्कळ शेतांच्या सातबाऱ्यावर नांदेड, लातूर, पुणें किंवा मुंबई येथें राहणाऱ्या भावांचीं व बहिणींचीं नांवें असतात. शेत बटाईनें दिलेलें असतें. वाटेसाठीं चार हात मागें सरावयाचें कां, हें बटाईदार ठरवूं शकत नाहीं. आणि मालकाला पत्र गेलें तर तो सावधपणानें उत्तर देतो कीं सध्यां कशावरहि सही करूं नका. त्याला त्यांत कोणाचें वाईट करावयाचें नसतें. आपली जमीन जाईल एवढीच धास्ती असते. परंतु त्याच्या न झालेल्या सहीपाशीं सगळ्या गांवाची पाणंद थांबते, आणि तिच्या पलीकडचें गायरान व स्मशानहि थांबतें.

पुढच्या वेळा अमावस्येला कोपींतील पूजा झाली आणि जेवणें आटोपलीं म्हणजे अशा कुटुंबांनीं घटकाभर आपला बांध पायांखालीं घालावा. गांवनकाशावर त्या ठिकाणीं तुटक दुबार रेषा आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि असल्यास वाट साडेसोळा फूट भरते कीं नाहीं हें टेपेनें मोजावें. भरत नसेल तर शेजाऱ्याशीं त्याच दिवशीं बोलावें. तो त्या दिवशीं शेतावर असतोच, आणि अंबिलीचा पेला हातीं असतांना माणूस जेवढा समजूतदार असतो तेवढा कचेरीच्या दारांत नसतो. त्यानंतर सही द्यावी. सरकारचें अनुदान येईल तेव्हां वाट त्याच्यासाठीं मोकळी असेल, आणि येत्या भाद्रपदांत उडिदाचीं पोतीं डोक्यावरून न येतां गाडींतून येतील.